विळीची जखम

महाल, नागपूर

चि. मुकुल,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू तोंड आलं म्हणून थंड दूध पिऊन राहिला होतास. महिन्यात तिसऱ्यांदा. बाबा म्हणाले, बी-कॉम्प्लेक्स घे म्हणावं. मला ते पटलं नाही. मला हे ताणाचं काम वाटतं.

आजीला विसर पडायला लागला तेव्हा तू दहावीत होतास. रात्री दोनला उठून ती कडी काढायची, "मी इतवारीत जाऊन राहिली" म्हणायची. अडीच वर्षं माझा एक कान दाराशी असायचा. त्याच उन्हाळ्यात मेथांब्याच्या कैऱ्या चिरताना अंगठ्याला विळी लागली. तांदळाच्या दाण्याएवढी जखम, पण महिना झाला तरी मिटेना. पट्टी काढली की तीच ओली लाल रेघ. साखर तपासली, नॉर्मल. "हात सारखे पाण्यात असतात तुझे," असंही ऐकून घेतलं. (जसं काही मी हौसेनं घालत होते!) मग अमरावतीची आत्या येऊन राहिली, मी आठ रात्री सलग झोपले आणि जखम भरली. योगायोग म्हण हवं तर.

पण १९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये हेच तपासलेलं आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी सेवा करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. सेवा करणाऱ्यांची भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. पुढे दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशीच जखम केली, एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेतली तीन दिवस उशिरा भरली. तोंडातलीच, बघ.

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. कुत्रं मागे लागलं तर ते कामाचं: रक्तात साखर येते, पळता येतं. पण जखम भरायला आधी थोडी सूज यावी लागते, पांढऱ्या पेशी तिथे जमाव्या लागतात, आणि कॉर्टिसॉल त्यांनाच दाबून धरतं. तुझं कुत्रं तर रोज रात्री साडेअकराला मेसेज पाठवतं.

फोड तीन आठवडे राहिला तर डॉक्टरांना दाखवच, आणि बीपीही मोजून घे. तुझ्या आजोबांना होता.

चार दिवसांची सुट्टी टाक आणि इकडे येऊन नुसता झोप. फोन बाबांकडे देऊन टाक, त्यांना तसेही कोणाचे मेसेज येत नाहीत.

तुझी
आई