नकाशा रंगवण्याआधी सडा पावसाळ्यात पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सह्याद्रीत निसर्ग पर्यटनाला योग्य जागा दाखवणारा नकाशा आपण कालच्या अंकात छापलात. बातमी आनंदाच्या सुरात लिहिली आहे. मला मात्र ती वाचून धास्ती वाटली. उतार, उंची, पाणी, वनाच्छादन, रस्त्यापासूनचे अंतर असे थर एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरजेवरून ‘अतियोग्य’ ते ‘अयोग्य’ ठरवायचे, ही पद्धत जगभर वापरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण गुण कशाला दिले ते बघा. सपाट, रस्त्याजवळची, झाडे नसलेली जागा पहिल्या नंबरात! घाटमाथ्यावर अशी जागा म्हणजे बहुतेक वेळा सडा. जांभ्याचा हा कातळ एप्रिलमधल्या उपग्रह चित्रात पडीक दिसणारच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. कासचे पठार असेच आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. तिथे गर्दी इतकी झाली की दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली. आपल्या बातमीत एकाही सड्यावर माणसे किती सोडायची याचा आकडा नाही.

सोलापूरकराला सह्याद्रीची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. टेबलावर बसून काढलेली रेघ माणसाचे काय करते, हे आम्हाला ठाऊक आहे म्हणून. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. तालुकेच्या तालुके आत गेले. उत्तर सोलापुरातले आमचे रानही गेले. विहीर, बांधावर दोन लिंब आणि मालदांडी ज्वारीची काळी जमीन, एवढेच ते रान. सातबाऱ्यावर इतर हक्कात अभयारण्याची नोंद आली. बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी दोन एकर विकायला काढले, तर नोंद वाचून गिऱ्हाईक परत जाई. वडील कार्यालयात खेटे घालत राहिले. तिथल्या साहेबांनी एकदा भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवले आणि म्हणाले, “तुम्ही आत आहात, मी काय करू?” रानात येऊन बघा म्हटले, तर कोणी आले नाही. शेवटी सावकाराचे पैसे घेऊन लग्न केले. पुढे अनेक वर्षांनी अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर वडील राहिले नव्हते.

माळढोक जगावा असे आम्हाला तेव्हाही वाटत होते, आजही वाटते. पण एवढी मोठी रेघ ओढूनही पक्षी वाचला का? अभयारण्यातल्या नान्नजला आज तो क्वचितच दिसतो. त्याला मोकळे गवताळ रान लागते. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक जमीन असे धरून त्यावर झाडे लावली गेली. आता सड्याकडेही त्याच नजरेने पाहिले जात आहे, आणि यावेळी तिथे तंबू, वाहनतळ आणि हॉटेले येतील.

माधव गाडगीळांच्या समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे साधारण नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून त्यांची संवेदनशीलता ठरवली होती, पण सीमा ग्रामसभांपुढे ठेवून पक्क्या कराव्यात असेही सुचवले होते. कालच्या नकाशासाठी पाटण, जावळी, शाहूवाडीच्या किती ग्रामसभांना विचारले? आपल्या बातमीदाराने हा प्रश्न तरी विचारायला हवा होता. ज्या गावांच्या शिवारावर ‘अतियोग्य’चा रंग चढला आहे, त्यांची नावे छापावीत, ही विनंती. त्या गावांना निदान जमिनीचे दलाल दारात येण्याआधी कळेल.

आणखी एक. सोलापूर आवृत्तीत हा नकाशा काळ्या-पांढऱ्यात आला होता. सूचीत हिरवा, पिवळा, लाल लिहिलेले आणि वर सगळे राखाडी! अक्षरे तर भिंग घेऊनही लागत नव्हती. रंगीत पान पूर्ण पानाच्या जाहिरातीला गेले होते. आम्हीही अंकाची तेवढीच किंमत देतो. नकाशा पुन्हा रंगीत आणि मोठ्या आकारात छापावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, उत्तर सोलापूर