कामगार मंत्र्यांना खुले पत्र: उसाच्या कांडीचा हिशेब लागतो, मग मुलांचा का नाही?

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. गावच्या शाळेत सहावीच्या हजेरीपटावर त्याचं नाव आहे. गेल्या फेब्रुवारीत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यासाठी चाललेल्या ऊसतोडीच्या फडात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कोयत्याने तुटली. वडील तापाने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पडून होते. खाडा पडला तर मुकादम, म्हणजे टोळी पुरवणारा ठेकेदार, पैसे कापतो, म्हणून बापाचा कोयता पोराने उचलला. पहाटेचा अंधार, उसावर दव, हात गारठलेले. ऊस धरायचा डाव्या हाताने आणि घाव घालायचा उजव्याने. पुढचं सांगत नाही.

दवाखान्यात जाण्याआधी मुकादमाने बहिणीला पढवलं, ‘खेळताना विळ्यावर पडला म्हणून सांग.’ आम्ही कारखान्याच्या शेतकी विभागात फोन केला. उत्तर आलं, ‘त्याचं नाव यादीत नाही. आमचा करार मुकादमाशी आहे.’ पोलिसांनी तर बहिणीलाच विचारलं, ‘पोराच्या हातात कोयता दिला कुणी?’ ती गप्प राहिली. साहेब, हा प्रश्न मी तुम्हाला विचारतो. कोयता दिला कुणी?

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं उठतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी हिशेबात एक ‘कोयता’ धरतात, पण काम दोघांत कधीच उरकत नाही. मोळ्या बांधायला, वाढं गोळा करायला, पाणी आणायला, धाकट्याला सांभाळायला पोरं लागतातच. मीही त्यातलाच एक. दिवाळीनंतर शाळा सुटायची आणि परत जायचो तेव्हा परीक्षा उरकलेली असायची. पाचटाने कापलेल्या पोटऱ्यांवरचे वण अजून आहेत. आईबापाला दोष देणाऱ्यांनी एक हंगाम फडात काढावा, मग बोलावं.

कायद्याचं म्हणाल तर बालमजुरीविरुद्धचा कायदा 1986 चा आहे. 2016 साली दुरुस्ती करून चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली आणि त्याच दुरुस्तीत ‘कुटुंबाचा उद्योग’ अशी फट ठेवली. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मूल घरच्या धोक्याच्या नसलेल्या कामाला हातभार लावू शकतं म्हणे. आता हाच आधार कारखान्याची माणसं तोंडावर फेकतात, ‘घरचीच पोरं आहेत, आईबापाला मदत करतात.’ शेत आमचं नाही. ऊस आमचा नाही. कारखाना तर नाहीच नाही. मग हा आमच्या कुटुंबाचा उद्योग कसा? तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो, म्हणजे आमची मजुरी कारखान्याच्या हिशेबात आहे. फक्त आमची पोरं त्या हिशेबात नाहीत.

आणि हिशेब कारखान्याला येत नाही, असं कुणी सांगू नये. कोणत्या गटातला ऊस, लागण की खोडवा, तोड कोणत्या दिवशी, गाडी कोणाची, काट्यावर वजन किती, सगळं चिठ्ठीवर असतं. तोडीवर देखरेख ठेवणारा कारखान्याचा माणूस, चिटबॉय, रोज फडावर येतो. त्याला उसाचं बुडखं जमिनीपासून चार बोटं वर तोडलेलं लगेच दिसतं, पण त्याच सरीत मोळी ओढणारं पोर दिसत नाही. न दिसणं हे त्याच्या नोकरीत बसतं.

पुढची साखळी तर अजून लांब. साखर जाते शीतपेयांत, बिस्किटांत, औषधाच्या सिरपमध्ये. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने बाजारातल्या सर्वांत मोठ्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात बालमजुरीच्या तक्रारी किती आल्या, असा रकाना आहे. तिथे शून्य लिहायला काहीही करावं लागत नाही, कारण तक्रार घ्यायला फडावर कुणी येतच नाही. माझ्या भाच्याची बोटं कोणत्या कंपनीच्या रकान्यात लिहायची? जगाने 2025 पर्यंत बालमजुरी संपवायचं लिहून दिलं होतं. त्याच वर्षी आलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या अहवालात जगभरात 13 कोटी 80 लाख मुलं कामावर आहेत आणि त्यांतली 61 टक्के शेतीत.

सरकारने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं जाहीर केली. प्रत्येकी शंभर जागा धरल्या तरी झाल्या आठ हजार दोनशे. ऊसतोड कामगार कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा लाख. सरकारला साखरेचं पोतं न् पोतं माहीत असतं आणि माणसांच्या बाबतीत चार लाखांचा फरक चालतो! कारखान्याजवळ आमच्या पोरांसाठी हंगामापुरत्या भरणाऱ्या साखरशाळा होत्या, त्याही बंद पडत गेल्या. हंगामी वसतिगृह म्हणजे आमच्या पोरांनी आजी-आजोबांकडे राहायचं आणि जेवणाचं अनुदान कधी येतं याची वाट बघायची. बहिणीची सासू अंथरुणाला खिळलेली. पोराला ठेवायचं कुणाकडे? म्हणून नेला. म्हणून बोटं गेली.

मागण्या मोजक्याच आहेत. एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसाचा द्यायचा किमान दर, थकवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्त अडवतात, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. तेच हत्यार मुलांसाठी वापरा. कोणत्या टोळीत किती कुटुंबं, किती मुलं, ती कोणत्या शाळेत किंवा वसतिगृहात आहेत, ही यादी कारखान्याने दिल्याशिवाय परवाना देऊ नका. यादीची पडताळणी कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर बसून नको, फडावर आणि पहाटे करा. फडात मूल सापडलं तर गुन्हा आईवर नाही, कारखान्याच्या व्यवस्थापनावर नोंदवा. करार मुकादमाशी आहे, ही पळवाट बंद करा. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं ही वेठबिगारी आहे आणि तिच्या निर्मूलनाचा कायदा 1976 पासून आहे. हंगामात त्याची आठवण कुणालाच का होत नाही?

मला माहीत आहे, हे अवघड आहे. अवघड एवढ्यासाठी की ज्यांनी कारखान्यांवर कारवाई करायची, त्यांच्यातलेच कितीतरी जण कारखान्यांचे चेअरमन आहेत. विधानसभेत तेच, संचालक मंडळात तेच, जिल्हा बँकेत तेच आणि आमच्या गावात मत मागायलाही तेच. तोडणीचा दर ठरवायला संप करावा लागतो, नेत्यांच्या बैठका होतात, चहा होतो, आकडा ठरतो. त्या बैठकीत मुलांचा विषय निघाल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. पंधरा मिनिटंही नाहीत का हो आमच्या पोरांसाठी?

भाच्याच्या उपचाराचा खर्च आम्ही उचलीतूनच भागवला. म्हणजे ती फेडायला बहीण आणि दाजी पुढच्या हंगामातही जाणार. मुकादम घरी येऊनही गेला. भाच्याला त्यांच्यासोबत जायचं नाही, शाळेत जायचं आहे. त्याला कोणत्या वसतिगृहात जागा मिळेल आणि कोणत्या तारखेपासून, एवढं तरी कारखान्यांना परवाने वाटण्याआधी लेखी कळवा.

आपला,
एका ऊसतोड कुटुंबातला मामा, जि. बीड