टॉवरची लाईन 'लीक' होत नसते हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्याकडे बातमी आली की टॉवर लाईनखालच्या द्राक्षबागेत मांडवाला शॉक लागतो, लाईनमधून वीज लीक होते आणि रेडिएशन पसरतं. शॉकचं खरंय, मी स्वतः खाल्लाय. पण बाकीचं वाचून राहवेना. तीस वर्षं मोटार-स्टार्टरची कामं केलीत, त्यामुळे थोडंफार कळतं.

मेव्हण्याच्या बागेवरून 400 केव्हीची लाईन गेलीय. दगडी डांब, त्यावर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारांचा मांडव. छाटणीच्या बायका म्हणायच्या तार मुंग्या आणते, अनवाणी असलं की जास्तच. टेस्टर लावला तर पेटला आणि सगळ्यांनी ठरवलं लीकेज. अहो पण वरची तार मांडवाच्या कितीतरी वर, मधे नुसती हवा, लीक होऊन येणार कुठून?

होतं असं की वरच्या तारेवर चार्ज असतो, तो सेकंदाला 50 वेळा प्लस-मायनस होतो आणि त्याचं इलेक्ट्रिक फील्ड पार जमिनीपर्यंत येतं. मधे मांडवाची तार सापडली की तिच्यातले चार्ज इकडून तिकडे ढकलले जातात, कोरड्या दगडी डांबातून त्यांना जमिनीत जायला वाट नाही, मग तुम्ही हात लावला की तुमच्यातूनच जातात. अंधारात अशा लाईनखाली साधी ट्यूब उभी धरली तर मिणमिणते, तेही याच्यामुळेच. आणि गंमत म्हणजे रात्री लोड उतरला तरी मुंग्या तेवढ्याच, कारण हे फील्ड व्होल्टेजवर चालतं, करंटवर नाही. आम्ही लाईनच्या इंजिनिअरला विचारून सगळ्या तारा एकमेकींना जोडल्या, दोन्ही टोकांना अर्थिंग केलं, विषय संपला.

करंटचं फील्ड वेगळं, ते मॅग्नेटिक. 1820 ला ओर्स्टेड नावाच्या डॅनिश प्रोफेसरने तारेत करंट सोडला आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली, तेव्हा ते जगाला कळलं. बघायचं असेल तर ट्रॅक्टरच्या बॅटरी केबलजवळ होकायंत्र धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, सुई गर्रकन फिरते. टॉवरखाली मात्र हलणार नाही, तिथला करंट उलटसुलट होत राहतो, सुईला तेवढा वेळच मिळत नाही.

आता रेडिएशन. 50 हर्ट्झला ते एक्स-रेसारखं काही नसतं. एका तारेत 500 अँपिअर धरले तरी 15 मीटरवर मॅग्नेटिक फील्ड साडेसहा-सात मायक्रोटेस्ला (हे फील्ड मोजायचं माप), शिवाय तीन फेजच्या तारांची फील्ड एकमेकांना बरंचसं खोडतात. पृथ्वीचं स्वतःचंच आपल्याकडे 40 च्या आसपास आहे, फक्त ते स्थिर असतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा 50 हर्ट्झसाठी 200 आहे. हां, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2002 मध्ये या मॅग्नेटिक फील्डला 'कॅन्सरची शक्यता' या गटात टाकलंय, लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या अभ्यासांवरून, ते मी लपवत नाही. पण शक्यता म्हणजे सिद्ध झालं असं नाही, आणि बातमीत तर सरळ 'कॅन्सर होतो' लिहिलंय.

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, तेवढं अर्थिंगचं छापा. आणि बातमीच्या फोटोतला माणूस ओल्या हाताने, अनवाणी टेस्टर धरून उभा आहे, असले फोटो प्लीज नका टाकू.

आपला,
एक मोटार रिवायंडिंगवाला, तासगाव