बहात्तर उरतात

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल बाबा खोलीत आले म्हणून फोन मध्येच ठेवला. त्यांना अजून सांगितलेलं नाही. बिलाच्या काउंटरवरची तूट तीन महिने तुझ्या पगारातून कापली जातेय, आणि हे मला ताईकडून कळावं?

रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय. हिशोबाचंच बोलते. मशीन बंद होतं त्या दोन दिवसांत तू २० आणि वरचे १० मिळून ३० टक्के सूट दिलीस. अगं, शंभरातून २० गेले की ८० उरतात. पुढचे १० टक्के त्या ८० चे, म्हणजे ८. बहात्तर उरतात. सूट २८ टक्केच झाली. शंभरामागे हे दोन तुझ्या अंगावर आले. तेव्हाच कुणाला विचारलं असतंस तर?

कर त्या ७२ वर. १० टक्के असेल तर ७.२०, एकूण ७९.२०. मूळ शंभरावर कर लावून मग २८ वजा केलेस तर ८२ होतात, आणि गिऱ्हाईक भांडलं तर त्याचंच खरं. काही ठिकाणी काही कूपनं करानंतर वजा होतात, तो नियम तिथल्या जुन्या माणसाला विचार. विचारायला लाजू नकोस. किमतीत कर आधीच धरलेला असेल तर ११० मधला कर ११ नव्हे, १० असतो. ११० ला १.१० ने भागायचं, मूळ किंमत १०० येते, उरलेले १० कर. इथे भले भले चुकतात.

झाली माझी शिकवणी सुरू. चुकलं, तू आता लहान नाहीस.

पण सहावीत गणित अडलं की वही मिटून "झालं" म्हणायचीस, आणि मी उघडली की पान कोरं. तेच मला रात्रभर आठवत होतं. आणि तीच तू, ५० चे १८ टक्के म्हणजे १८ चे ५० टक्के, म्हणजे ९, हे कुणी न शिकवता सांगितलंस. मी ते घरात प्रत्येकाला दोनदोनदा सांगितलं होतं. तुझं डोकं चालतं गं. तू गप्प बसतेस, त्याची भीती वाटते.

रविवारी बाबा दुपारी झोपले की फोन कर. अजून किती कापायचे राहिलेत तो आकडा सांग. पूर्ण सांग.

तुझी,
आई