वीस ओळींचा कागद

प्रिय आई बाबा,

फोनवर आपलं बोलणं गोळ्या घेतल्या का, झोप लागली का यातच संपतं, म्हणून लिहितेय. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये एक कागद दिला, २० रिकाम्या ओळी आणि प्रश्न एकच, मी कोण आहे, प्रत्येक ओळीत वेगळं उत्तर लिहायचं. कुन आणि मॅकपार्टलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांची ही १९५४ सालची टेस्ट. त्यांना असं दिसलं की लोक आधी नातं, काम, धर्म लिहितात, म्हणजे सांगितलं की कुणालाही कळेल असं, आणि ते संपलं की मग स्वभावातलं, मनातलं यायला लागतं. माझंही तेच झालं, मुलगी, बायको, आई, मॅनेजर असं करत आठ ओळी झाल्या आणि नवव्या ओळीवर पेन अडलं, आणि तिथे बसल्या बसल्या तुम्ही दोघं आठवलात.

बाबा, रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी नवीन कुणी भेटलं की तुम्ही आधी जुनी पोस्ट सांगता आणि मग गप्प होता. मी चिडायचे, म्हणायचे आता सोडा ना ते. सॉरी बाबा. इतकी वर्षं लोकांनी ज्या नावाने हाक मारली ते एका दिवसात गेल्यावर माणसाने स्वतःला काय म्हणायचं, हे मला तो कागद समोर येईपर्यंत खरंच कळलं नव्हतं.

आणि आई, तू तर नावच सांगत नाहीस, हिची आई, नाहीतर यांची मिसेस. तुझ्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लग्नाआधीच्या नावाच्या सह्या गिरवलेल्या दिसल्या, प्रत्येक वेगळ्या वळणाची, ती मुलगी कोण होती मला माहीतच नाही गं. 'आयडेंटिटी क्रायसिस', म्हणजे आपण नक्की कोण हेच न कळणं, हा शब्द ज्यांच्यामुळे रुळला ते मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन, त्यांना स्वतःचे जन्मदाते वडील कोण हे कधी कळलं नाही, सावत्र वडिलांचं होम्बर्गर आडनाव लावायचे, आणि १९३९ मध्ये अमेरिकन नागरिक होताना, पस्तिशी उलटल्यावर, एरिक्सन हे आडनाव त्यांनी आपलं आपण घेतलं. माणूस घडण्याचे आठ टप्पे सांगितले त्यांनी आणि आठवा म्हातारपणाचा, म्हणजे तुमच्या वयातही हे काम चालूच असतं.

सोबत दोन कोरे कागद पाठवतेय. एकमेकांना न विचारता लिहा, आणि माझे आई-बाबा हे उत्तर शक्यतो नको, ते मला माहितीये. माझा कागदही जोडलाय, नवव्या ओळीपासून खाली तसाच कोरा आहे, तुमचे आले की भरेन.

तुमची लेक