छताखाली राहणाऱ्यालाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरांसाठीच्या ऊर्जा संहितेची, म्हणजे घरात उष्णता कमी शिरावी आणि वीज कमी लागावी म्हणून केंद्राने आखलेल्या बांधकामाच्या नियमांची, बातमी काल वाचली. संहितेमुळे घरं महागतील, हे बिल्डरांचं म्हणणं तुम्ही तीन परिच्छेद छापलंत. त्या घरांत राहणाऱ्या माणसाचं एक वाक्यही त्यात नाही. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सकाळी लिहायला बसलो.

आधी एक चूक दुरुस्त करा. 'यू-व्हॅल्यू जितकी जास्त तितकं घर थंड' असं बातमीत आहे. खरं नेमकं उलट आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एक चौरस मीटर भिंतीतून किंवा छतातून किती वॅट उष्णता पार होते, ते हा आकडा सांगतो. तो कमीच हवा. या संहितेने, म्हणजे 'इको निवास संहिते'ने, छतासाठी त्याची कमाल मर्यादा 1.2 ठेवली आहे. तुमच्यावर भरवसा ठेवून उद्या कुणी बिल्डरकडे जास्त आकडा मागेल, म्हणून दुरुस्ती ठळक छापा.

आता माझं सांगतो. मुंबईपासून तासाभरावर आमची चार मजली इमारत आहे, सोळा घरांची. आमचं घर चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. 2021 साली ताबा घेतला आणि पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं की या घरात रात्री झोपता येत नाही. दिवसा पंख्याखाली कसंबसं निभावतं. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडला की ते खोलीत सोडायला लागतो. एकदा रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला थर्मामीटर लावला. बाहेर 29 अंश होते, छत 38. माझी आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. ती गादी उचलून दाराबाहेर जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत झोपायला लागली, कारण तिथे निदान खालून थोडा वारा यायचा. शेजारी येता-जाता तिला ओलांडून जायचे. घरासाठी आयुष्यभराची बचत घातली होती, आणि आई दाराबाहेर झोपत होती.

बिल्डरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, दोन्ही बेडरूमना एसी पॉइंट दिलाय ना!" माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याने कागदावर हिशेब करून दाखवला. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबची यू-व्हॅल्यू तीनच्या वर जाते. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा धरला तरी ती 1.2 च्या जवळपासही येत नाही. त्याच कोब्याखाली एक इंचाचा उष्णतारोधक बोर्ड घातला असता, तर आकडा मर्यादेच्या आत आला असता. एक इंच, संपादक महाराज! एवढ्यासाठी आम्ही तीन उन्हाळे काढले.

मग आम्ही सोळा घरांनी प्रत्येकी अकरा हजार काढून तो बोर्ड घातला. गच्चीवरचा कोबा फोडावा लागला, वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागलं, आणि ते नीट न झाल्यामुळे पहिल्याच पावसात आमच्या स्वयंपाकघरात पाणी आलं, ती दुरुस्ती वेगळी. ठेकेदार सांगत होता की बोर्डापेक्षा फोडाफोडीलाच जास्त पैसे गेले. स्लॅब नवा असताना हेच काम झालं असतं तर फक्त बोर्डाचा खर्च आला असता. संहितेने घर महागतं असं जे म्हणतात, त्यांनी आमची पावती बघावी. महाग पडलं ते संहिता न पाळल्यामुळे, आणि पैसे भरले ते राहणाऱ्यांनी.

खिडक्यांचंही तेच. उष्ण-दमट हवेच्या भागासाठी संहिता सांगते, घराच्या चटई क्षेत्राच्या 16.66 टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, इतकी जागा उघडणारी हवी. आमचं घर 480 चौरस फुटांचं, म्हणजे 80 चौरस फूट हवेत. टेप घेऊन मोजले, 38 भरले. दोन काचांच्या स्लायडिंग खिडकीत एक काच दुसरीवर सरकते, त्यामुळे एका वेळी अर्धीच खिडकी उघडते आणि संहिताही ती अर्धीच मोजते. ब्रोशरमध्ये मात्र पूर्ण खिडकीचं माप होतं. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जाही नाही.

हे सगळं घेऊन मी बांधकाम परवानगीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अभियंत्याने कागद चाळले आणि म्हणाला, "हे दिल्लीचं आहे, आमच्या नियमावलीत नाही." आमच्या इमारतीचा नकाशा 2019 साली मंजूर झाला. संहितेचा पहिला भाग डिसेंबर 2018 मध्ये आला होता. पण राज्याने ती स्वीकारून स्थानिक नियमावलीत घातल्याशिवाय त्या टेबलावरच्या माणसाला ती बघण्याचं कारणच नव्हतं. त्याचा मला राग नाही. राग आहे तो इतक्या वर्षांचा. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीची संहिता 2007 ची. घरांची पाळी यायला आणखी अकरा वर्षं लागली, आणि रहिवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या त्या 2022 च्या दुरुस्तीने. दरम्यान किती स्लॅब पडले असतील!

त्या दुरुस्तीतही मर्यादा आहे 100 किलोवॅट जोडभाराची, म्हणजे इमारतीला जोडलेला विजेचा एकूण भार निदान तेवढा असेल तरच संहिता लागू. आमच्यासारखी सोळा घरं घ्या, प्रत्येकी पाच किलोवॅट धरा, बेरीज 80 होते. म्हणजे आमची इमारत उद्या नव्याने बांधली तरी सुटेल. राज्याला ही मर्यादा खाली आणता येते, कायद्यातच ती मुभा आहे. तुमच्या बातमीत हे यायला हवं होतं. लहान गावांत आणि उपनगरांत अशाच इमारती उभ्या राहतात, आणि तिथल्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला एसीचं बिल परवडत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र देताना दोनच आकडे लिहून घ्यावेत, एवढीच माझी मागणी आहे: छताची यू-व्हॅल्यू आणि उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ. तेच आकडे खरेदीच्या करारातही असावेत. जानेवारी 2020 पासून नवा एसी सुरू केला की 24 अंशांवर लागतो, असा नियम सरकारने केला. माझ्या करारात टाइल्सचा आकार आहे, नळांची कंपनी आहे, पण ज्या छताशी तो एसी झगडतो त्याबद्दल एक ओळ नाही.

जाता जाता, तुमच्या शनिवारच्या घरखरेदी पुरवणीबद्दल. पानभर काचेच्या इमारती आणि वर 'ग्रीन होम' असं लिहिलेलं असतं. तो शब्द छापण्याआधी जाहिरातदाराकडून हे दोन आकडे मागता येतील. जाहिरात तुमची नसली तरी पान तुमचं आहे.

पुढची बातमी करण्याआधी तुमच्या वार्ताहराने एप्रिलमध्ये रात्री नऊनंतर इकडे यावं. आमचं छत आता बरं झालं आहे, आई आत झोपते. शेजारच्या इमारतीत त्यांना घेऊन जाईन. तिथल्या चौथ्या मजल्यावर अजून गाद्या जिन्यात आहेत.

आपला,
एक नियमित वाचक