तिसऱ्या फेरीतला एक बार

पुणे, ९ डिसेंबर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हार्मोनिकावरच्या ब्लूजचं रेकॉर्डिंग मिळालं. चार वेळा ऐकलं. पहिली फेरी चार-चार मात्रांच्या बारा बारांची, दुसरीही बारा, आणि तिसरी अकरा. नववा बार नाही. ताल चुकणाऱ्यातला तू नाहीस, म्हणजे तो मागाहून कापलास. कशासाठी, ते विचारत नाही. खोकल्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं बाबांना कबूल करूनच कागद घेतलाय.

आधी, हार्मोनिका अचानक का बिघडली, ह्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सी पट्टीची हार्मोनिका अचानक बिघडलेली नाही, चौथ्या भोकातली ओढीची रीड, म्हणजे श्वास आत ओढताना वाजणारी पितळी पट्टी, उतरली आहे. खात्री करायची तर दुसरं-तिसरं भोक जिभेने झाक आणि पहिलं-चौथं एकदम ओढ. दोन्हींतून डीच येतो, एका सप्तकाच्या अंतराने. दोन्ही स्वर एकजीव होऊन स्थिर उभे राहायला हवेत. तुझे लाटांसारखे डुलतील. पितळेची ती पट्टी वाकून वाकून थकते, बुडाशी बारीक चीर जाते आणि स्वर उतरत जातो. खालचं झाकण काढलंस की ओढीच्या रीड समोरच दिसतात. पट्टीखाली पातळ पत्रा सरकवून टोकाकडचं पितळ केसभर खरवडलं तर स्वर चढेल. बुडाकडे खरवडलं तर आणखी उतरेल, तेव्हा घाईत तिकडे हात नेऊ नकोस. पण चीर काही भरून येत नाही. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, आणि एक दिवस पट्टी तुटेल. नवीच घे. स्पेशल ट्वेंटी घे, तिची मधली फणी प्लास्टिकची असते. मरीन बँड ह्या जुन्या हार्मोनिकाची लाकडी फणी ओलाव्याने फुगते आणि ओठांना टोचते. जुन्या लोकांनी सगळं मरीन बँडवरच वाजवलं हे खरं, पण तू अजून फार ओली वाजवतोस.

आता ती थकली का, हे ऐक. तू जोर लावतोस. चौथ्या भोकाचा स्वर वाकवून उतरवताना श्वास हिसकून घेतोस, ते रेकॉर्डिंगमध्ये चक्क ऐकू येतं. एका भोकात रीड दोन: फुंकीची सी, ओढीची डी. ओढता ओढता तोंडातली जागा मोठी केलीस की डीची रीड दबते आणि सीची रीड त्यात सामील होते, म्हणून मधला स्वर मिळतो. चौथ्यात असा स्वर एकच. तिसऱ्यात बी आणि जी यांच्यामधले तीन. पाचव्यात ई-एफ शेजारीशेजारी, म्हणून धड एकही नाही. हे सगळं जिभेचं काम. 'ई' म्हणता म्हणता 'ऊ'कडे जा, जिभेचा मागचा भाग खाली घे, जबडा सैल सोड, आणि श्वास होता तेवढाच ठेव. दुसरं भोक ओढताना घुसमटतं ना, तेही ह्याच जोरापायी.

तिसरं भोक तुझं छान लागलंय. तो गंधार तू पूर्ण कोमलावर नेला नाहीस, शुद्ध आणि कोमलच्या मधे धरून ठेवलास. आजीच्या पेटीतही पितळेच्याच रीड, पण हा गंधार त्या पेटीत नाही. आजीला ऐकवलं. तिने परत लावायला सांगितलं, आणि मग विचारलं की पोराला थंडी बाधलीय का.

मी सांगितलं, नाही.

तुला आठवतं का, लिटल वॉल्टरने हार्मोनिकावर वाजवलेलं 'ज्यूक' पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू म्हणालास, आई, हा सॅक्सोफोन आहे. चूक नव्हतीच तुझी. लिटल वॉल्टरने मायक्रोफोन आणि हार्मोनिका दोन्ही एकाच ओंजळीत बंद केले आणि अँप्लिफायरचा आवाज थोडा फाटू दिला. १२ मे १९५२ ला, तू आहेस त्या शिकागोतच ते रेकॉर्ड झालं, तो तेव्हा २२ वर्षांचा होता, तुझ्याएवढा. गाण्याचा एक शब्द नाही, आणि अमेरिकेतल्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत आठ आठवडे पहिलं. दुसऱ्या दिवशी तू बाबांचा टॉर्च मायक्रोफोन म्हणून धरून घरभर हिंडलास.

आणि त्याआधी, माईआत्याकडच्या पावसाळ्यात, नेब्युलायझरचा मास्क बाजूला सारून म्हणालास, आई, हे आगगाडीसारखं वाजतंय. म्हणून तुला पहिली आगगाडीच शिकवली. पहिल्या तीन भोकांवर दोन ओढी, दोन फुंकी, आधी अगदी सावकाश. डीफर्ड बेलीने १९२७ मध्ये हार्मोनिकावर आगगाडीच वाजवून ठेवली आहे. तुझी गाडी चढावर धापा टाकायची आणि मी स्वयंपाकघरात हातातलं काम ठेवून ऐकत उभी राहायचे, धाप गाडीची आहे की तुझी.

बघ, आलेच तिथे.

आलेच आहे तर तंत्राचं तेवढं सांगते, कारण ते खरोखर तंत्राचंच आहे. गाण्याचा सा धर, त्याचा मध्यम काढ, त्या पट्टीची हार्मोनिका घे. बँड ई म्हणाला तर ए, जी म्हणाला तर सी, ए म्हणाला तर डी. ह्या तीन खिशात असल्या की जॅमला, आयत्या वेळी सगळ्यांबरोबर वाजवायला, बहुतेक भागतं. पण असं वाजवताना सा, पंचम, वाकणारा गंधार, सगळं ओढीवर येतं. छाती भरतच जाते, रिकामी व्हायला वाव नाही. दम्याच्या माणसाला श्वास घेण्यापेक्षा सोडणंच अवघड, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा प्रत्येक चार बारांच्या ओळीच्या शेवटी जागा ठेव. गाणारा थांबतो तसा थांब, नाकाने सोड. वाटलं तर सहावं भोक हलकेच फुंक, तोही साच आहे. तुझ्या नवव्या बारात अशी जागा नव्हती. म्हणूनच तो कापावा लागला.

शनिवारी हॉलस्टेड रस्त्यावरच्या किंग्स्टन माइन्स ह्या ब्लूज क्लबला जाणार आहेस, ह्याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर नीट सांगता आलं नाही. दोन रंगमंच आहेत, एक बँड थांबला की दुसऱ्यावर दुसरा सुरू. हार्मोनिकावाल्याच्या बाजूला बस. तोंडाकडे बघून काही कळत नाही, हात बघ. ओंजळ घट्ट असताना आवाज जाड आणि बुजलेला, करंगळीकडून उघडली की धारदार. मायक्रोफोन घट्ट धरला आणि अँप जवळ असला की शिट्टी वाजू लागते. अशा वेळी तो हात ढिला करतो की अँपपासून लांब सरकतो, ते बघून ठेव. वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत तू बाबांच्या खांद्यावरून हेच बघत होतास, आठ वर्षांचा. परतीच्या गाडीत झोपेतही ओंजळ मिटलेली होती.

हार्मोनिकावाला जेम्स कॉटन तुझा लाडका. घशाच्या कॅन्सरने त्याचा गाण्याचा आवाज गेला, तरी वाजवायचा थांबला नाही. हे तुला धीर यावा म्हणून लिहायला घेतलं, आणि मग आठवलं की २०१७ साली तो गेला तो न्यूमोनियाने. ८१ वर्षांचा होता. तुझ्याशी त्याचा काही संबंध नाही. खोडणार होते, पण खाडाखोड दिसली की तू नको ते कल्पून बसशील.

थंडीत हार्मोनिका कोटाच्या आतल्या खिशात ठेव, छातीशी. गार पितळेवर श्वासाची वाफ धरते आणि रीड चिकटतात. वाजवण्याआधी पाच मिनिटं मुठीत धर. वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळहातावर आपट. गोड खाऊन लगेच वाजवू नकोस. दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भर, मगच हार्मोनिका तोंडाला लाव. मफलर नाकावरून घे, नुसता गळ्यात नको. रात्री चालत येऊ नकोस, गाडी कर, पैसे मी पाठवते. हे पुन्हा शिकवणं झालं. रागावू नकोस रे. तुझ्या वयाच्या मुलाला मफलर कसा घ्यावा हे सांगणं बरं दिसत नाही, मला कळतं.

बाबांनी तुझी जुनी 'जी' पट्टीची हार्मोनिका काढून पुसून ठेवली आहे. कुणी येणार असेल तर पाठवते.

नवी घेतलीस की तीच फेरी पुन्हा वाजव आणि पाठव. बारा बार. मधे काही आलं तर येऊ दे, कापू नकोस.

तुझी
आई